पालथी पडलेली निगेटिव्ह

मित्रांनो, कोपऱ्यात कापड पांघरून उभा आहे तो मीच. फोटो मोठे करायचं जुनं यंत्र. स्टुडिओत मला एन्लार्जर म्हणतात. माझ्या पोटात निगेटिव्ह ठेवायची, डोक्यातला दिवा लावायचा, की खालच्या कागदावर चेहरा उतरतो. निगेटिव्ह पालथी पडली तर मात्र तोच चेहरा आरशातल्यासारखा उलटा छापला जातो. मी स्वभावानं आधीच घोर लावून घेणारा, त्यात हा धोका रोजचा.

मला इथे आणलं तेव्हा फोटोवाले काका तरुण होते. फुंकर मारून माझी काच पुसायचे आणि गिऱ्हाइकांना म्हणायचे, "हा आहे म्हणून दुकान आहे." हजारो चेहरे माझ्यातून गेले. पण स्वतःचा फोटो बघून खूश झालेली माणसं फार थोडी. आई म्हणायची, किती छान आलाय माझा लेक. लेक म्हणायचा, माझं नाक असं कुठे आहे? असं का होतं ते मला एका ताईमुळे कळलं.

ती समोरच्या दुकानात कपडे शिवायची. दिवसभर पुढ्यात भलामोठा आरसा. तिच्या डाव्या भुवईवर लहानपणीच्या टाक्यांचा व्रण होता, आणि हसली की ओठ एकाच बाजूनं वर जायचा. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा एक मेकॅनिक तिथे दर आठवड्याला यायचा. यंत्र बिघडलेलं नसलं तरी यायचा. मग त्याची दूरच्या शहरात बदली झाली आणि तिथून पत्र आलं. 'लग्न करशील का माझ्याशी? हो असेल तर तुझा एक फोटो पाठव.'

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. सगळा घोळ फोटोचा होता. काकांनी एकामागून एक तीन फोटो काढून दिले, तिन्ही तिनं परत आणले.

"काका, तोंड वाकडं आलंय. हे बघून तो विचार बदलेल."

"अगं, तू अशीच दिसतेस."

"अशी? मग तर संपलंच."

चौथ्या वेळी काका पार वैतागले होते. निगेटिव्ह हातातून निसटली, ती त्यांनी उचलली आणि घाईत माझ्या पोटात सरकवली. पालथी. माझा जीव खालीवर झाला, पण मला तोंड कुठे आहे सांगायला? ताईनं तो फोटो पाहिला आणि हरखून गेली. "ही खरी मी," म्हणाली. त्याच दुपारी फोटो टपालात पडला.

काका मोकळे झाले, झोप माझी उडाली. तिला आरशातला चेहरा सवयीचा, म्हणून तिला हा फोटो आवडला. पण तो मेकॅनिक तिला समोरून बघायचा. त्याच्या सवयीचा चेहरा निराळा होता. व्रण उजव्या भुवईवर बघून त्याला काय वाटेल? एक आठवडा गेला, दुसरा गेला, उत्तर नाही. ताई रोज दुकानात डोकावून म्हणायची, "हल्ली टपालच उशिरा येतंय." अंधाऱ्या खोलीच्या पडद्याआडून ते ऐकलं की मला अगदी अपराधी वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात ताई पत्र घेऊन आली, आत तोच फोटो. काकांनी मोठ्यानं वाचलं. 'फोटो परत पाठवतोय. ही तू नाहीस. तुझी बहीण आहे का? तुला नको असेल तर सरळ नाही म्हण.'

"मला हाच तर बरा वाटला होता," ताई म्हणाली आणि रडायला लागली. काकांनी फोटो तिच्या चेहऱ्याशेजारी धरला, व्रणावर बोट ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"पोरी, चूक माझी आहे."

त्यांनी तिथल्या तिथे मेकॅनिकला चिठ्ठी लिहिली आणि खणातून ते नाकारलेले तीनही फोटो काढले. ताई नको नको म्हणत होती. पण शेवटी पाकीट तिनंच चिकटवलं.

चार दिवसांनी तो स्वतःच आला, हातात प्रवासाची पिशवी घेऊन. काकांनी दुकानाच्या दर्शनी काचेत लावायला त्या तिघांतला एक फोटो मागितला. त्यानं साफ नकार दिला. तिन्ही त्याच्या खिशात होते.

"पण त्यांत माझं तोंड वाकडं आलंय," ताई म्हणाली.

"कुठे?" म्हणत त्यानं तीनही फोटो उजेडात धरले आणि खरंच शोधायला लागला.

आता संगणक आला आणि माझा दिवा विझला. काचेवर धूळ आहे. कधी आलात तर एक फुंकर मारा. पण त्याआधी एक ऐका. स्वतःचा फोटो बघून तुम्ही तोंड फिरवता ना, तेव्हा मला अजून त्या तीन आठवड्यांसारखीच धास्ती वाटते. जो चेहरा तुमच्या माणसांना आवडतो, तो तुम्ही आरशात एकदाही पाहिलेला नाही. तो फोटो फाडून टाकू नका. आधी त्यांना दाखवा.