आधी समुद्र

मुंगीने पडद्यावरच्या आलेखावर दुसरा आलेख आणून ठेवला आणि स्वतः उठून बाईंना खुर्ची दिली. दोन्ही रेषांची शिखरं नेमकी एकावर एक बसली होती.

"पहिला समुद्राचा. हा दुसरा कुठला?" बाईंनी विचारलं.

मुंगीने घसा खाकरला. बाईंच्या या विद्यार्थिनीला हे नाव पडलं ते सतत चालणाऱ्या कामामुळे, आणि तिच्या तोंडून शब्द एकेक करून, रांगेतच बाहेर पडत म्हणूनही.

"कोऱ्या बाटलीचा, बाई."

कोऱ्या बाटलीत काहीच सापडायला नको होतं.

मातीतल्या काही जिवाणूंच्या अंगाभोवती एक खास चरबी असते. जिवाणू मरतो, चरबी मागे उरते, शेकडो वर्षं टिकते. समुद्रतळाच्या चिखलात ती सापडली, तर डोंगरावरची माती तिच्यातल्या कार्बनसकट नदीने तिथवर नेली असं म्हणता येतं. बाई उमेदीच्या वयापासून हेच म्हणत आल्या होत्या. ती चरबी समुद्रात मात्र त्यांच्या हाती कधी लागली नव्हती, आणि त्यावरून चारचौघांत थट्टाही पुष्कळ झाली होती. मग गेल्या आठवड्यात ती सापडली, तीही घसघशीत. उद्या भरल्या सभागृहात त्या ते सांगणार होत्या आणि महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. पहिल्या रांगेत बसायचं म्हणून त्यांच्या थोरल्या भावाने, दादांनी, कोट धुवून आणला होता.

नमुने समुद्रापासून घ्यायला लागायचं आणि नदी धरून वर जायचं, हा बाईंचाच नियम. जिथे चरबी कमी, तिथे आधी. या खेपेला बोट शेवटच्या दिवशीच मिळत होती, म्हणून त्या डोंगराकडून खाली आल्या. धक्क्यावर बोटवाला घाई करत होता आणि चरबी विरघळवणाऱ्या द्रावकाची बाटली वर गाडीत राहिली होती. मुंगी ती आणायला धावली, तोवर चिखल काढायची पोलादी नळी बाईंनी स्वतःच धुतली. नुसत्या पाण्याने. तेलकट भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, हे घरोघरी ठाऊक असतं.

"तू परत आलीस तेव्हा मी नळी घेऊन बोटीत चढत होते," बाई आठवत म्हणाल्या.

"हो. नीट धुवायला वेळ नव्हता, म्हणून मी तिच्यातून नुसतं थोडं द्रावक फिरवलं आणि बाटलीत धरलं. कोरा नमुना ठेवल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंय."

म्हणजे समुद्रातली ती चरबी समुद्रातली नव्हतीच. नळीला चिकटून डोंगरावरून आली होती.

क्षणभर बाईंना त्या मुलीचा रागच आला. त्या बाटलीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. ती मोरीत ओतली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि मुंगीची पदवीसुद्धा त्याच आलेखावर उभी होती. ती मात्र समोर उभी होती, ओठ घट्ट मिटून, बोलणी खायच्या तयारीने. बाईंचा राग आला तसा ओसरला. इतकी वर्षं शिकवलं ते कुठेतरी इतकं खोल मुरलंय, हे पाहून त्यांना त्या पोरीचं फार कौतुक वाटलं. मुंगीच्या बाहीला लागलेला खडू त्यांनी झटकला आणि आयोजकांना फोन लावला.

"उद्याचं माझं व्याख्यान नको," त्या म्हणाल्या. पलीकडे बराच वेळ कुणीतरी बोलत राहिलं. "नाही हो, तब्येत ठणठणीत आहे. नळी नीट धुतली नव्हती... कुणी म्हणजे? मी."

पुढच्या आठवड्यात दादांनीच गाडी काढली. पाणी वरून खाली येतं आणि तुम्ही खालून वर जाता, तुमचं सगळंच उफराटं, असं म्हणत त्यांनी वाटभर बहिणीची फिरकी घेतली. धक्क्यावर मुंगीने नळी द्रावकाने धुतली, पुन्हा धुतली, आणि बोटवाल्याने कितीही कटकट केली तरी बाई कठड्यावर शांत बसून राहिल्या. आधी समुद्र, मग नदीचं मुख, मग वर.

समुद्राच्या नमुन्याचा आलेख आला त्या दिवशी दादाही प्रयोगशाळेत आले. कोट घालूनच. पडद्यात डोकं घालून त्यांनी बरंच पाहिलं.

"मला तर सरळ रेघच दिसते."

मुंगीने बोट न टेकवता एक जागा दाखवली. तिथे रेघ जेमतेम तांदळाच्या कणीएवढी उचलली गेली होती.

"कोरी बाटली?" बाईंनी विचारलं.

"आधी तीच लावली. सपाट आहे."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"एवढंच?" दादांनी हळूच विचारलं. इतक्या वर्षांचं एवढंच, असं त्यांना म्हणायचं होतं, पण बहिणीकडे पाहून त्यांनी ते गिळलं.

"एवढंच," बाई म्हणाल्या. "पण पोचलंय."