रक्षिताच्या गोळीचे पाणी

गडहिंग्लजच्या एका घरात, ओट्याजवळच्या मांडणीवर मी राहतो. स्टीलचा साधा पेला, आता बराच जुना. मित्रांनो, एवढेसे आयुष्य, पण त्याने मला खूप दिले.

कारखान्यात पत्र्यातून मला घडवले, तेव्हा माझ्यात चेहरा दिसायचा. जयसिंगपूरच्या बाजारातून रक्षिताच्या आईने मला घेतले आणि लेकीच्या संसारात धाडले. इथे मी आल्यागेल्याला ताक देत होतो.

लग्नानंतर काही काळाने रक्षिता थकू लागली. उन्हातही तिला थंडी वाजायची, केस गळायचे. रक्त तपासल्यावर कळले, की तिच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी काम करते. ती ग्रंथी जे हार्मोन बनवते, तेच आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळीतून घ्यायचे होते. त्या दिवसापासून गोळीच्या पाण्यासाठी मी फक्त तिचा झालो. हळूहळू ती पुन्हा गुणगुणत भाकरी थापू लागली. "ह्या पेल्याचं पाणी मला मानवलं," असे ती म्हणायची. गुण गोळीचा होता, तरी मला फार बरे वाटायचे.

मग घरात गोड बातमी आली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावले. रिपोर्ट मोबाईलवर आला आणि तिच्या नवऱ्याने, शशिधरने, तो वाचला.

"टीएसएच वाढलाय गं."

सासूबाई शांतादेवी पीठ मळायच्या थांबल्या. "वाढलाय म्हंजे गोळी जास्त झाली की! बंद कर बघू. पोटात लेकरू हाय."

त्या बोलण्यात माया होती. रक्षितालाही ते पटले. दुसऱ्या दिवशी मी मांडणीवर पालथाच राहिलो. त्यानंतरही रोज तसाच. तिचा थकवा मात्र वाढत गेला. एके सकाळी ती ओट्याला धरून खाली बसली.

"शशी, डॉक्टरीणबाईंना फोन लाव! आत्ता लाव!" शांतादेवी ओरडल्या.

शशिधरने फोन लावून सगळे सांगितले. डॉक्टरीणबाईंचा आवाज साऱ्या स्वयंपाकघराला ऐकू येत होता.

"गोळी कुणी बंद केली?"

"म्या सांगितलं," शांतादेवी म्हणाल्या. "आकडा वाढलता न्हवं."

"मावशी, टीएसएच म्हणजे गोळीतलं हार्मोन न्हवं. डोक्यातली एक ग्रंथी गळ्यातल्या ग्रंथीला 'काम कर' म्हणून हाक मारते, ती हाक म्हणजे टीएसएच. अंगात हार्मोन कमी पडलं की हाक मोठी होते. आकडा वाढलाय, म्हणजे गोळी कमी पडायला लागलीया. बाळामुळं गरज वाढली."

शांतादेवी फोनजवळ सरकल्या. "बाळाला काय झालं न्हाय न्हवं?"

"आजच घेऊन या, तपासते. गोळी लगेच सुरू करा, डोस मी वाढवून देते. आणि लोहाची, कॅल्शियमची गोळी हिच्यासंगट न्हाय द्यायची. मधी चार तास जाऊ द्यात. महिन्यानं परत रक्त बघू."

शांतादेवींनी मला उचलले, घासले, काठोकाठ भरले. "घे पोरी. माझ्या जिवाला घोर लागला गं."

"आत्ती, तुम्ही वाईट मनानं थोडंच सांगितलं हुतं?" रक्षिता म्हणाली आणि गोळी घेतली.

पुढे रोज सकाळी शांतादेवीच मला भरू लागल्या. महिन्याने रिपोर्ट आला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "हाक बारीक झाली की गं!" पुढच्या तपासण्याही नीट झाल्या आणि वेळेवर एक गोरीगोमटी मुलगी घरी आली.

बाळंतपणानंतरच्या तपासणीत टीएसएच खूप खाली गेला होता. शशिधर रिपोर्ट बघून म्हणाला, "आता गोळी जास्त हुतीया वाटतं. पर कमी कराय नको, आधी विचारू." त्याने विचारले. डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला.

आता ती चिमुरडी मला फरशीवर आपटते. माझ्या काठाला पोचे पडलेत. मला त्याचे दुःख नाही. ज्या घरात आई दमून बसली होती, त्या घरात आता तिचे लेकरू इतका गोंधळ घालते आहे, आणि तो ऐकायला मी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी अशी गोळी घेत असेल. रिपोर्टमधला आकडा वर गेला किंवा खाली आला, तर आपल्या मनाने गोळी सोडू देऊ नका. डॉक्टरांना विचारा. आणि उद्या सकाळी, गोळी घेणाऱ्या माणसाने उठून मागायच्या आधी, तुम्हीच त्याला पेलाभर पाणी नेऊन द्या.