तेलकट काड्या

ताशाची काडी अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, बाकीची बोटं नुसती टेकवायची. आवळून धरली तर मनगट भरून येतं, सैल सोडली तर निसटते. दत्ताराम हे तीस वर्षं विचार न करता करत आला होता. पण बायको, सखू, गेल्यापासूनच्या चार महिन्यांत त्याच्या हातून दोनदा काडी सुटली. दुसऱ्यांदा नागावच्या वरातीत, थेट घोड्याच्या पायाशी. बाजाचा मालक विनेश याने तेव्हा चालवून घेतलं. आज किहीमला हळदीला जाताना मात्र त्याने टेम्पोतच सांगून टाकलं, की काका, आता सुटली तर मला दुसरा ताशेवाला बघावा लागेल.

दत्तारामला दुसरं काही येत नव्हतं, आणि रिकाम्या घरात बसून राहणं त्याच्याने होणार नव्हतं.

दुपारी चारलाच मांडवात बाटल्या उघडल्या होत्या. माणसं मटणाने बरबटलेल्या हातांनी नवरदेवाला हळद फासत होती. एकजण खांबाशी ओकला, लुंगीला तोंड पुसलं आणि पुन्हा नाचायला लागला. दत्तारामने नजर ताशावरून हलवली नाही. तेवढ्यात नवरदेवाचा मामा मोरू ताट घेऊन आला आणि तेलात कालवलेली हळद त्याच्या गालांना, मानेला, कोपरापर्यंत हातांना चोपडली.

"घ्या ताशेवाले. बायको गेली म्हनून काय झालं? औंदा तुमची पन हलद वाजवू."

सगळे हसले. विनेशही हसला. दत्तारामच्या अंगावर शिसारी आली. काड्या ओल्या साबणासारख्या सरकायला लागल्या. सदऱ्याला पुसूनही तेल निघेना, तेव्हा विनेशला खूण करून तो मागच्या पडवीत गेला.

तिथे चुलीपाशी नवरदेवाची आई जयमाला एकटीच बसली होती. नवी साडी, हात मात्र हळदीविना कोरडे. त्याला आधी वाटलं, कामात असेल. मग लक्षात आलं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. पोटच्या मुलाच्या हळदीला तिने शिवायचं नव्हतं. आणि त्याची स्वतःची बायको जाऊन चारच महिने झाले होते, तरी तो कोपरापर्यंत पिवळा.

काही न विचारता तिने चुलीतली थंड राख त्याच्या हातांवर घातली, वरून पाणी सोडलं.

"ताई, तुम्ही बाहेर न्हाय आलात?"

"मोरूच म्हनाला, तू आतच बस." ती पाणी ओतत राहिली. "तुम्ही वाजवा. हितं आवाज तरी येतो."

बाहेर जाऊन मोरूला चारचौघांत याचा जाब विचारायचा, असं ठरवूनच तो निघाला. मांडवात विनेश त्याच्या हातांकडेच बघत होता. दत्तारामने काड्या उचलल्या आणि साडेसहापर्यंत वाजवत राहिला. काडी एकदाही निसटली नाही.

टेम्पोत सामान चढवताना विनेश खूश होता. हरिहरेश्वरच्या लग्नालाही काकाच हवेत, म्हणाला. दत्ताराम बरं म्हणाला. मांडवाच्या दारातून मोरूने हात हलवला. दत्तारामनेही हात वर केला, आणि आपल्याच हाताची त्याला किळस आली.