रजेचं कारण

चष्म्याच्या काचा उजेडाकडे धरून त्यांतला ओरखडा शोधण्यात ताईंचा हात धरणारं कारखान्यात कोणी नव्हतं, आणि सव्वीस वर्षांत त्यांच्या स्वतःच्या कामावर कोणी बोट ठेवलं नव्हतं; म्हणूनच मंजूर होऊन आलेला आपला रजेचा अर्ज वाचला तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, की धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला माझ्याशिवाय कोणी नाही. आता त्याच ओळीला, त्यांच्याच वळणदार अक्षरात, शेपूट फुटलं होतं: 'हे तिला एकदा कळावं म्हणून.'

त्या तरातरा रजेच्या कारकुनाकडे गेल्या आणि हा चावटपणा कोणाचा, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. जिला आईमागे लहानाचं मोठं केलं, जिच्यापायी स्वतःचं लग्नाचं वय निघून गेलं, आणि जी नोकरी लागताच दोन खोल्या घेऊन वेगळी राहायला गेली, तिच्यासाठी आपण का धावतो हे कोणा ऐऱ्यागैऱ्याने आपल्याला सांगावं?

कारकुनाने कागद निरखून पाहिला. "अक्षर तुमचंच आहे, ताई. आणि रजा मंजूर झालीय, मग तक्रार कसली?"

ताईंनी दुसरा अर्ज त्याच्या नाकासमोर भरला, दोनदा वाचला. त्याने शिक्का उचलला. तो कागदावर टेकायच्या आत शेपूट पुन्हा उगवलं होतं. ताईंनी तो कागद टराटरा फाडला आणि त्या बहिणीकडे गेल्या.

तिचं सगळं त्यांनी मनापासून केलं. चौथ्या दिवशी बहीण वॉकर धरून खिडकीपर्यंत चालत गेली आणि हसून म्हणाली, "झालं की गं, ताई. सोमवारी तू खुशाल कामावर जा."

ताईंना बरं वाटलं. वाटायलाच हवं होतं. येता-जाता पायात येतो म्हणून वॉकर त्यांनी घडी करून माळ्यावर टाकला. बहिणीने तो दोनदा मागितला. इतकी घाई कशाला, पडलीस म्हणजे, असं म्हणत ताईंनी तिला स्वतःच्या हाताने धरून नेलं आणि आणलं.

रविवारी त्या रजा वाढवायचा अर्ज लिहायला बसल्या. 'बहिणीला माझ्याशिवाय उभं राहता येत नाही.' कागद उजेडाकडे धरून त्या कितीतरी वेळ थांबल्या. एक अक्षरही वाढलं नाही. बघ म्हणावं आता त्या कारकुनाला.

आतून बहिणीने हाक मारली. ताई दुसऱ्या हाकेची वाट बघत बसून राहिल्या.