म्हातारबाची चकती

थॅडियस पार्मली यांनी आमचं कॉलेज काढलं, बावीस वर्षं चालवलं, आणि एका ऑक्टोबरात समोरच्या डोंगरावर फिरायला गेले ते परतलेच नाहीत. कॉलेज काढल्याचं कोणाला फारसं कौतुक नाही. परतले नाहीत, याचा मात्र आम्ही दर वर्षी सोहळा करतो.

ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी अचानक घंटा वाजते. तास रद्द, सगळ्यांनी डोंगर चढायचा. निघताना प्रार्थनाघराच्या ओसरीतल्या फळ्यावर आपापली लाकडी चकती खिळ्याला अडकवायची, नावाची बाजू आत, म्हणजे मागे राहिलेल्याची टिंगल नको. उतरलं की काढून घ्यायची. तेव्हा शेवटी एकच उरायची, म्हातारबाची. पार्मलींना पोरं म्हातारबाच म्हणतात. ती उलटून बघायची नाही, अपशकुन. ती एकटी उरली म्हणजे बाकी सगळे परतले. मग हिरवळीवर हातात हात धरून ‘सारे आले घरी’ हे गाणं, आणि त्यानंतर सफरचंदाचा गरम रस आणि डोनट.

म्हातारबाची चकती सगळ्यांच्या आधी मी लावायची, हव्या त्या खिळ्याला, कारण म्हातारा कुठे असेल कोणी सांगावं! मी म्हणजे विनी टटल, नोंदणी कचेरीतली. कोणी कोणता विषय कोणत्या मुलीच्या मागे लागून घेतला, कोणत्या प्राध्यापकांचं घड्याळ सोयीस्कर मागे पडतं, कोण डोनट दोन म्हणून चार उचलतं, सगळं माझ्या ध्यानात असतं. त्र्याऐंशी साली मी या कामात एकोणिसाव्या वर्षात होते आणि माझी मोजणी कधी चुकली नव्हती. हे मी लोकांना सांगतही असे.

त्या वर्षी दुपारी तीनपासून धुकं उतरायला लागलं. चार वाजता डीन हॉलिस ओसरीत आले. त्यांना गारठा सोसत नाही आणि डोनट सोसतात.

“विनी, किती राहिले?”

मी फळ्याकडे पाहिलं. तीनशे चार खिळे मोकळे, उजवीकडे खालच्या बाजूला एक चकती.

“फक्त म्हातारबा,” मी म्हटलं.

“मग होऊ दे!”

पोरांनी हात धरले. धुक्यात पलीकडचं टोक दिसत नव्हतं, तरी आवाज चांगला लागला. मीही गायले. दुसऱ्या कडव्यात घशात खवखवलं म्हणून गोळी घ्यायला कचेरीत गेले आणि खण उघडला.

गोळ्यांच्या डबीशेजारी म्हातारबा पडला होता.

वसंतात त्याची वादी तुटली होती. नवी लावू म्हणून मीच तिथे ठेवला होता. सकाळी मी तो लावल्याचं मला लख्ख आठवत होतं. आठवणारच. अठरा वर्षं लावलेला, त्यातली कोणती आठवण कोणत्या वर्षाची, ते आता कोण सांगणार?

बाहेर शेवटचं कडवं चाललं होतं. मी धावत ओसरीत परत आले. ती चकती मी उलटली. मागून कोणीतरी “अहो टटलबाई, अपशकुन!” म्हणून ओरडलं.

ओडेसा क्रॅन.

पहिल्या वर्षाची. नेब्रास्काची, म्हणजे जिथे उंच म्हणून धान्याचं कोठार तेवढं असतं. एकटीची खोली. जेवणघरात तिची खुर्ची अजून कोणाच्या टेबलाशी ठरलेली नव्हती, त्यामुळे ती रिकामी आहे हे कोणाला जाणवायचं कारण नव्हतं.

“ग्रंथालयात असेल,” डीन म्हणाले. “चकती विसरली असेल.”

“सर, विसरले मी. ती नाही.” मी म्हातारबा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांच्या दुसऱ्या हातात डोनट होता. तो त्यांनी हळूच कठड्यावर ठेवला.

बागकामवाल्या रॉस्कोला डोंगराची खडान्‌खडा माहिती. त्याने दोर आणि कंदील घेतला, थोरल्या वर्गातली सहा पोरं घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. “तू कुठं निघालीस? वर खुर्च्या नाहीत.”

“मोजायला.”

“मोजलंस तेवढं पुरे नाही झालं?” असं म्हणाला, पण हात पुढे केला.

अंधार पडायला दीड तास होता. धुक्यात तो आधीच पडल्यासारखा होता. पाच पावलांपुढे झाड नाही, आणि जे दिसे ते माणसासारखं उभं. रॉस्को हाक मारी, मग सगळे श्वास धरून थांबत. काही नाही. परत हाक. काही नाही. पायाखालची ओली पानं निसटत होती, आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता: तीन वाजता पडली असेल तर दोन तास, दोन वाजता पडली असेल तर तीन.

जुन्या पाटीच्या दगडाच्या खाणीपाशी रॉस्को थांबला. कड्याशी गवत दबलेलं होतं. त्याने कंदील खाली धरला. उजेड धुक्यात विरघळून गेला. त्याने दोनदा हाक मारली आणि मग माझ्याकडे बघेना. तो बघेना, तेव्हा मला खरी भीती वाटली.

मी पालथी पडून कड्यावरून डोकं बाहेर काढलं. मला तिचा चेहरा आठवत नव्हता. नोंदवहीतली ओळ तेवढी आठवत होती. तीच मी ओरडले.

“ओडेसा मे क्रॅन! नेब्रास्का! वनस्पतिशास्त्र!”

बराच वेळ नुसता पाण्याचा थेंब ठिबकत राहिला. मग खालून घोगरा, बारीक आवाज आला.

“बदललं ते. भूगर्भशास्त्र. मंगळवारी अर्ज दिलाय.”

पोरांपैकी एक जण रडायलाच लागला. रॉस्को दोर सोडत म्हणाला, “मग बैस आता दगडांत, विषयच तुझा!”

पाय मोडला होता, ओठ निळे पडले होते. वर आल्यावर मी तिला माझ्या कोटात गुंडाळलं.

“एवढ्या हाका मारल्या, ओ का नाही दिलीस गं?”

“आधी मीच मारत होते,” ती म्हणाली. “पुष्कळ. मग तुमचं गाणं ऐकू आलं. शेवटपर्यंत ऐकलं मी. सगळे आले म्हणत होता. मग म्हटलं, झालं मोजून, हाका नुसता भास. आता कोण यायचंय?”

मी खिशात हात घातला. तिची चकती तिच्या मुठीत दिली. उतरताना तिने ती सोडली नाही.

ओसरीत आलो तेव्हा फळा पुरता रिकामा होता, सोहळ्याच्या रात्री असा शंभर वर्षांत पहिल्यांदा. डीन हॉलिस तिथेच, उघड्यावर, गारठत उभे होते. म्हातारबा अजून त्यांच्या हातात होता.

“विनी,” ते हळूच म्हणाले, “आता लावून टाकू या का हा? प्रथा आहे.”

“सर, प्रथेने आज एक पोर वर ठेवली होती,” मी म्हटलं, आणि तो घेऊन खणात टाकला. त्याला नवी वादी मी अजून लावलेली नाही. आता फळा पुरता रिकामा झाल्याशिवाय गाणं सुरू होत नाही, आणि झाला तरी पहिलं कडवं होईपर्यंत मी डोंगराकडे कान लावून उभी असते.