एकाच पोराचं कापड

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. याचा दोष मला देऊ नका. नंदुरबारच्या बाजारात हबीब शिंप्याच्या दुकानात सारा जन्म काढल्यावर दुसरं काय होणार? गिऱ्हाईक कापड देऊन जातं आणि जाताना डोळे वटारून जातं. "हबीबभाई, कापड उरनं का काही?" असं रंजनाबाई दर वेळी विचारायच्या, आणि विचारताना त्यांची नजर माझ्या खणावर असायची. माझ्या खणात त्यांची चिंधीसुद्धा कधी नव्हती. होती ती बटणं, खडू आणि तुटक्या सुया. लोकांचा संशय झेलता झेलता मीही संशयी झाले.

माझा जन्म लुधियानाचा. अंगावर काळा चकचकीत रंग आणि सोनेरी वेलबुट्टी होती. हबीबच्या वडिलांनी मला सुरतेहून रेल्वेने आणलं. त्यांच्यानंतर मी हबीबच्या हाताखाली आले. आमचं काम म्हणजे शाळेचे गणवेश. शाळा उघडायच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. गणवेश शिवावा तर हबीबभाईंनीच, असं मास्तर लोक म्हणायचे. मला ते ऐकून फार बरं वाटायचं, पण ते खरंच म्हणतात की लवकर कपडे मिळावेत म्हणून गोड बोलतात, याची शंका तेव्हाही होतीच.

हबीबची एक रीत तुम्हाला सांगून ठेवते. तो पोरांच्या कपड्यात खालच्या घडीत भरपूर कापड आत दुमडून ठेवतो. त्याला आम्ही दाब म्हणतो. पोर वाढलं की दाब उसवायचा, कपडा लांब होतो. दुसरी रीत त्याच्या वडिलांची. भावंडांचे कपडे एकाच दिवशी कापायचे. कारण एकदा तोरणमाळकडची रूपलीबाई गुजरातेतल्या कामावरून परतताना पोरांना घेऊन आली होती. थोरल्याचं कापड कापलं आणि धाकटीचं उद्यावर टाकलं. ती पोर दुकानाच्या पायरीवर बसून जी रडली, ती शिवलेलं झबलं हातात पडेपर्यंत गप्प झाली नाही. तेव्हापासून एकट्या भावंडाच्या कापडाला या दुकानात कात्री लागलेली नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, हबीब ऐकत नाही.

पुढे तयार गणवेशांची दुकानं झाली आणि माझ्याकडचं काम आटलं. माझ्या पायडलवर गंज चढला. तेलाची बाटली फळीवर पालथी पडली. हबीबचा मुलगा इरफान मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामाला गेला. मागे त्याची बायको महजबीन, मुलगी अतिका आणि मुलगा तौहिद राहिले. अतिका थोरली, सहावीत. ती गल्लीच्या टोकाच्या मराठी शाळेत जायची, कारण ती जवळ होती. तौहिद पाचवीत. त्याला गाडीत बसवून इंग्रजी शाळेत पाठवायचे. हा फरक का, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मला तेव्हाच खटकलं होतं. पण मशीनला कोण विचारतो?

या वर्षी इरफानचा फोन आला. सगळ्यांना मस्कतला नेतो, व्हिसाचं काम होत आलं आहे, आता फक्त शाळा ठरवायची. मग शाळेचे फोटो यायला लागले. हबीबची बायको नजमुन्निसा मोबाइल माझ्या टेबलावर ठेवून ते पाहायची, म्हणून मलाही दिसले. मोठी काचेची इमारत. निळंशार पोहण्याचं तळं. हिरवळ अशी की गालिचाच. सगळं होतं, फक्त पोरं नव्हती. एकाही फोटोत एकही पोर नाही! ज्या शाळेच्या फोटोत पोरांना उभं करत नाहीत, त्या शाळेवर मी कसा विश्वास ठेवू, तुम्हीच सांगा.

मग इरफानचा एक मित्र सुट्टीवर आला आणि त्याने गणवेशाचं कापड आणून दिलं. अब्बांच्या हातचीच शिलाई पाहिजे, असा निरोप होता. नजमुन्निसाने पुडकं सोडलं. आत आभाळी रंगाचं शर्टाचं कापड आणि गडद निळं पँटचं कापड. तिने पुडकं उलटं करून झटकलं. दुसरं काही पडलं नाही.

"पोऱ्यानं कापड उनं," ती म्हणाली, "पोरनं कोठे शे?"

अतिकाचं कापड पुडक्यात नव्हतंच. हबीबने तौहिदचं मापही घेतलं नाही. कापड घडी करून फळीवर ठेवलं आणि तो चष्मा पुसत बसला.

त्यानंतर मी घरातल्या प्रत्येकावर नजर ठेवली. सर्वांत जास्त संशय मला महजबीनचा आला. दुपारी हबीब नमाजला गेला की ती दुकानाच्या मागच्या दाराशी उभी राहून फोनवर हळू आवाजात बोलायची. कुणी आलं की फोन पदराखाली. मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे. नवरा-बायकोने मिळून ठरवलं आहे की पोराला न्यायचं आणि पोरीला म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकायचं. अतिका मात्र माझ्याशेजारी बसून गिऱ्हाइकाच्या एखाद्या शर्टाची काजं करायची आणि मस्कतला समुद्र किती जवळ असेल ते तौहिदला सांगायची. तिचा आनंद पाहून मला चीड यायची. तिच्यावर नाही, जगावर.

एका शुक्रवारी इरफानचा व्हिडिओ कॉल आला. सगळे दुकानातच होते. या घरातलं बोलणं अर्धं उर्दू, अर्धं अहिराणी. पण बापलेकाचं भांडण जुंपलं की ते निव्वळ अहिराणीत होतं.

"अब्बा, सिलाई व्हयनी का?"

"नही."

"कसाले?"

"एकलाना कपडाले मी कातर लावस नही. तुले माहीत शे."

इरफान हसला. "तौहिदनं शिवी टाका. अतिकानं मंग देखसूत."

"मंग म्हनजे कवय?" नजमुन्निसाने मोबाइल हातात घेऊन विचारलं.

इरफान इकडे तिकडे पाहू लागला. शेवटी त्याने सांगितलं. त्या मोठ्या शाळेने अतिकाला सहावीत घ्यायला नकार दिला होता. इंग्रजी कच्चं म्हणून तिला पाचवीत, म्हणजे तौहिदच्याच वर्गात बसावं लागलं असतं, आणि त्या वर्गात जागा एकच होती. "दुसरी शाळा देखी तरी ती धाकला भाऊना बाजूले बठी," तो म्हणाला. "पोरे हासतीन तिले. दहावी लगून ती तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या."

मला त्याचाही राग धड करता येईना. लेकीला कुणी हसू नये म्हणून तिला सोडून जायला निघालेला बाप होता तो.

अतिकाच्या हातातली सुई थांबली. ती पायरीवरच बसली होती, हे सगळे विसरले होते.

"पोरे हासतीन ते हासू द्या," ती म्हणाली. "मी एक वर्ग खाले बठसू. पन माले मांगे ठेवू नका."

मग महजबीन पुढे आली. सासऱ्यासमोर ती कधी मोठ्याने बोलत नसे. तिने नजमुन्निसाच्या हातातून मोबाइल घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "दोन्हीसले पाचवीमा लेई अशी शाळा मी देखेल शे. दूर शे, लहान शे. तठली बाईसंगे मी रोज बोलस. पहिले सहा महिने ती पोरले इंग्रजी येगळी शिकाडी."

म्हणजे मागच्या दाराशी चाललेली कुजबुज ही होती! मी जिच्यावर पाळत ठेवली, तीच एकटी पोरीसाठी झटत होती. मी लोखंडाची म्हणून बरं, नाहीतर लाजेने तोंड लपवावं लागलं असतं.

तिने त्या शाळेचा फोटो दाखवला. इमारत साधी, भिंतीचा रंग उडालेला. पण अंगण पोरांनी भरलेलं. वाकडी रांग, एकाचा शर्ट बाहेर आलेला. हबीबने चष्मा लावून फोटो मोठा केला. लहान पोरांच्या मागे एक उंच मुलगी उभी होती, तिच्या झग्याच्या खालच्या काठाशी आडवी फिकट रेघ दिसत होती. दाब उसवून झगा लांब केला की अशी रेघ राहते. तिथे वाढणाऱ्या पोरांना सांभाळून घेणारं कुणीतरी होतं. हबीबने मोबाइल परत दिला आणि टेप गळ्यात घातला.

इरफान बराच वेळ कुरकुरला. शाळा लांब आहे, गाडी लावावी लागेल, लोक काय म्हणतील. महजबीनने ऐकून घेतलं, पण ती मागे हटली नाही. अखेर तो म्हणाला, "चाला, दोन्हीसनं माप ल्या."

मला तेल मिळालं. पट्टा नवा आला. बाजारातून नव्या शाळेच्या रंगाचं कापड आणून हबीबने दोघांचे कपडे एकाच सकाळी कापले, आणि अतिकाच्या झग्यात त्याने आजवर कधी ठेवला नसेल एवढा दाब ठेवला. मी ती शिलाई घातली तेव्हा एकही टाका चुकू दिला नाही. ते आभाळी कापड अजून फळीवर घडी करून पडलं आहे. त्याला कुणी हात लावत नाही.

ते सगळे गेले. दुकान पुन्हा शांत झालं. नजमुन्निसा रोज दुपारी मोबाइल माझ्यासमोर ठेवते आणि नव्या फोटोची वाट पाहते. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या मशीनला अधूनमधून तेल द्या, झाकून ठेवा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरातलं कुणी दूर देशी निघालं, चकचकीत शाळांचे फोटो आले, नवं कापड आलं, की आनंदाच्या भरात थोडा संशय घ्या. कुणाचं माप घ्यायचं राहिलं, ते मोठ्याने विचारा.

परवा, त्यांना जाऊन बरेच महिने झाल्यावर, मस्कतहून फोटो आला. अतिका मागच्या रांगेत, लहान पोरांमध्ये उंच, हसत उभी आहे. फोटोतल्या हसण्यावर माझा विश्वास नाही. म्हणून मी आधी झग्याचा काठ पाहिला. आडवी फिकट रेघ होती. काजं करणारा तिचा हात मी ओळखते; तिने स्वतःच दाब उसवून घेतला होता, आणि नवी शिलाई अगदी सरळ होती.