हात हलवला की माशी हाकलली

सासरे जन्मभर कॅमेऱ्याच्या मागेच उभे राहिले. हेडमास्तर माणूस, शिस्तीचा कडक. घरातल्या झाडून सगळ्या टेपा त्यांनीच काढलेल्या, म्हणून एकाही टेपेत ते स्वतः नाहीत. अपवाद फक्त एका टेपेचा. एकदा सासूबाईंनी त्यांच्या हातातला कॅमेरा हिसकावून घेतला आणि फाटकातून शाळेला निघालेल्या नवऱ्याला टिपलं. जाता जाता ह्यांनी मागे वळून मला हात केला, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. टीव्हीवर मात्र तो हात इतक्या झटकन जायचा की धड काही कळायचं नाही.

"आई, बाबा आणि हात करणार?" मुलगा म्हणायचा. "माशी हाकलली असेल!"

सगळे खो खो हसायचे. सासूबाईही हसायच्या, पण मग उठून आत जायच्या. गेल्या वर्षी सासरे गेले, तेव्हापासून त्यांचं ते हसणंही बंद झालं होतं.

त्यांचा वाढदिवस जवळ आला तसा जावयाच्या अंगात वारं शिरलं. तो एका स्टुडिओत व्हिडिओ जोडायचं काम करायचा. सासूबाई त्याला 'फिती कापणारा' म्हणायच्या आणि ते कौतुकानं नक्कीच नव्हतं. "आणा इकडे ती टेप," तो म्हणाला, "एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकतो." बोलून बसला खरा!

टेप कॉम्प्युटरवर आली. फाटक स्वच्छ, कुंड्या स्वच्छ, सासऱ्यांच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा स्वच्छ. पण हात हलला रे हलला की त्याचा कंगवा व्हायचा, नुसते दातेच दाते! त्याचं काय असतं, जुना कॅमेरा एक चित्र दोन हप्त्यांत घ्यायचा. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. गप्प उभ्या असलेल्या वस्तूला त्याचं सोयरसुतक नसतं, पण हलणारा हात दुसऱ्या हप्त्यापर्यंत पुढे सरकलेला असतो. आजकालचे कॅमेरे अख्खं चित्र एकदम घेतात, त्यांना ही भानगडच ठाऊक नाही.

जावयानं वायर बदलली, पुन्हा टेप उतरवली, कॉम्प्युटरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी दोन्ही हप्ते नीट सोडवून घेणारा फिल्टर लावला, हात दिसावा म्हणून चाल संथ केली आणि सासूबाईंना हाक मारली.

पडद्यावर सासरे फाटकाशी वळले. हात उजवीकडे गेला, डावीकडे आला, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. झकास! सासूबाई पडद्याजवळ सरकल्या. मग त्यांनी असा काही आवाज दिला की लेक आणि मुलगा हातातलं काम टाकून धावत आले.

"अरेच्चा! बाबांनी खरंच हात केला की!" मेहुणा डोळे चोळत म्हणाला.

"मी काय खोटं बोलत होते? माझ्या जावयानं दाखवलं म्हणून, नाहीतर तुम्ही मला वेड्यातच काढलं होतं." माझ्या जावयानं! गड्याला स्वर्ग दोन बोटं उरला.

सगळे पांगल्यावर त्यानं तोच तुकडा पुन्हा एकदा मिटक्या मारत लावला. तेव्हा त्याची नजर मागच्या रस्त्यावर गेली. तिथे एक स्कूटर चालली होती. पुढे जायची, मागे यायची, पुन्हा पुढे. त्यानं तुकडा तिथेच थांबवला. हप्त्यांचा क्रम उलटा लागला होता! स्टुडिओतल्या सवयीनं त्यानं वरच्या ओळी आधी घेतल्या होत्या, आणि ह्या कॅमेऱ्यानं घेतल्या होत्या खालच्या, म्हणून हलणारी प्रत्येक गोष्ट पुढे-मागे नाचत होती.

गप्प बसावं की नाही? पण जित्याची खोड. त्यानं क्रम बदलला. स्कूटर शहाण्यासारखी सरळ निघून गेली. सासऱ्यांचा हात एकदाच नाकापुढून फिरला आणि खाली आला. नाकावरून एक काळा ठिपका उडाला. माशीच ती, मेली!

"चहा घ्या," मागून आवाज आला. सासूबाई कप घेऊन उभ्या होत्या. आता झाकणार तरी काय?

"आई, अहो... माझंच चुकलं होतं. ती माशी..."

"माहीत आहे मला. कॅमेरा माझ्याच हातात होता ना!" त्यांनी कप टेबलावर ठेवला. "रोज त्या फाटकातून जायचे हे. कधी म्हणून मागे वळून बघितलं नाही. त्या दिवशी वळले. माशीमुळे का होईना, वळले. माझ्याकडे बघितलं. एवढ्या एका गोष्टीत मी थोडं पदरचं घातलं, तर काय बिघडलं?"

जावई पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. त्यानं क्रम पुन्हा उलटा केला.

वाढदिवसाला मोठ्या टीव्हीवर तो तुकडा लागला. घर पाहुण्यांनी भरलेलं. मेहुण्यानं डोळे बारीक केले. "भावजी, ती मागची स्कूटर का लंगडतेय हो?"

हीच चूक केली म्हणून जावयानं स्टुडिओत कित्येकांना फैलावर घेतलं होतं. "जुनी टेप आहे रे," तो म्हणाला. "मला एवढंच जमलं."

"आणि म्हणे स्टुडिओत काम करतात!"

सगळे हसले. जावईही हसला, पण लागलं त्याला ते, चांगलंच लागलं. त्यानं सासूबाईंकडे बघितलं. त्यांचं ह्या कुणाकडे लक्षच नव्हतं. पदराशी धरलेला हात त्यांनी थोडासा वर उचलला आणि टीव्हीतल्या माणसाला हळूच हात केला.